भिंगरीमामाची बायको

भिंगरीमामा सकाळी उठल्या उठल्या नळाला नमस्कार करून 'आज कसं वाटतंय?' असं विचारतो, हे पहिल्याच पानावर वाचलं आणि बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

भिंगरीमामा म्हणजे कादंबरीचा नायक. निवृत्त घड्याळजी, जगाच्या रीतीने न चालणारा, मनाने लहान मूल. हे सगळं लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, म्हणजे वाचकाला प्रेमात पडायला उशीर नको. दोन पायांत दोन रंगांचे मोजे. भर उन्हाळ्यात स्वेटर. अनोळखी माणसाच्या अंत्ययात्रेत हा सगळ्यांत पुढे, आणि रडणार घरच्यांपेक्षा मोठ्याने. पाहुण्यांच्या बुटांत साखर टाकून ठेवणार, का तर मुंग्यांनाही प्रवास घडावा. कोणी वैतागलंच तर मान तिरकी करून विचारणार, 'रागाला वास असतो का हो?' की समोरचा विरघळलाच. त्या कादंबरीतलं प्रत्येक माणूस विरघळत होतं. पोलीस विरघळला, डॉक्टर विरघळला, ज्याचा बाप गेला होता तो मुलगासुद्धा विरघळला.

बाई काही विरघळल्या नाहीत. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'अशा माणसाला लोक दंडाला धरून बाहेर काढतात.'

बाई एका जुन्या प्रकाशनसंस्थेत वाचक म्हणून काम करायच्या. आलेलं हस्तलिखित आधी त्यांनी वाचायचं, समासात शेरे मारायचे आणि लेखकाला परत द्यायचं. घ्यायचं की नाही हे मात्र त्या ठरवत नसत. त्यासाठी मालकांच्या वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. शनिवारी दुपारी संस्थेच्या गोदामात, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये खुर्च्या मांडायच्या. टेलिफोनवालीपासून बायंडरपर्यंत सगळ्यांनी बसायचं. बाईंनी वाचायचं. मध्ये चहा. चहानंतर परत यायची सक्ती कोणालाही नाही. ज्याला घरी जायचं त्याने खुशाल जावं. निम्म्या खुर्च्या भरल्या तर पुस्तक पास, नाहीतर लेखकाला नारळ. मोठमोठे पंडित त्या चहाने आडवे केले होते.

या पद्धतीत बाईंसाठी एकच नियम होता. कितीही भिकार लिहिलेलं असो, वाचायचं मात्र जीव ओतून. मुद्दाम वाईट वाचणं म्हणजे दुधात पाणी घालण्यासारखं, असं त्या मानायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी केलं नव्हतं.

आता भिंगरीमामाचे जन्मदाते कोण? तर बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भाऊजी. त्यांची आधीची दोन पुस्तकं बऱ्यापैकी खपली होती, त्यामुळे मालक त्यांच्यावर खूश. भाऊजी तर स्वतःवर त्याहूनही खूश. हल्ली तेही दोन रंगांचे मोजे घालून हिंडायला लागले होते. कोणी बघितलं की म्हणायचे, 'अरेच्चा, लक्षातच नाही आलं!' माणसाच्या एकदा लक्षात येत नाही, दोनदा येत नाही. रोज सकाळी एक लाल आणि एक हिरवा नेमका निवडून लक्षात येत नाही, हे बाईंना पटणं शक्य नव्हतं. पण ताईचा नवरा! गप्प बसायच्या.

खरा राग त्यांना आला तो कादंबरीतल्या बायकोमुळे. भिंगरीमामाला एक बायको होती. तिला नाव नव्हतं, कारण मामा रोज सकाळी तिला नवीन नाव ठेवायचा. सोमवारी 'गुलाबदाणी', मंगळवारी 'टिकटिक', बुधवारी 'पोपटीण'. तिने काही करायचं नाही, नुसतं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हसून म्हणायचं, 'तुम्ही म्हणजे ना!' मामाने घरातलं धान्य कबुतरांना वाटलं. तुम्ही म्हणजे ना! मामाने तिचा चष्मा आकाश बघायला कोणा मुलाला देऊन टाकला. तुम्ही म्हणजे ना! मग एका प्रकरणात मामाने घरातली सगळी दारं काढून टाकली. 'दार म्हणजे माणसामाणसांतला अविश्वास,' असं म्हणून आधी पुढचं काढलं, मग स्वयंपाकघराचं काढलं, झोपायच्या खोलीचं काढलं, न्हाणीघराचंही काढलं. बायको काय करते? आत कोणी आहे हे कळावं म्हणून एक बादली बाहेर ठेवून आत जाते आणि आनंदाने गाणी म्हणत अंघोळ करते. बाहेर आल्यावर, अर्थातच, तुम्ही म्हणजे ना!

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिलीचं टोक मोडेल इतका दाब देऊन त्यांनी समासात लिहिलं, 'अशक्य. हे आठवडाभरसुद्धा सहन करणारी बाई जगात नाही. पात्र खोटं आहे.' त्याखाली दोन रेघा मारल्या. मनाला जरा बरं वाटलं.

हस्तलिखित परत द्यायला त्या स्वतःच ताईच्या घरी गेल्या. बऱ्याच महिन्यांत जाणं झालं नव्हतं. ताई हल्ली घरी बोलवायचीच नाही, म्हणायची, 'बाहेरच भेटू गं, तेवढीच मोकळी हवा.' बाईंनी त्यात कधी काही पाहिलं नव्हतं.

दार भाऊजींनी उघडलं. म्हणजे दार होतं. चांगलं भक्कम, साखळी, कुलूप, बघायचं भोक, सगळ्यासकट. आत गेल्यावर मात्र बाई चौकटीतच थबकल्या. स्वयंपाकघराला दार नाही, झोपायच्या खोलीला दार नाही, आणि पॅसेजच्या टोकाला न्हाणीघराच्या चौकटीवर कपड्यांचे चिमटे लावून एक जुनी चादर टांगलेली. चादर खालून वीतभर आखूड होती. बाहेर बादली ठेवलेली होती आणि आतून कोणीतरी गात होतं.

ताई गात होती. जिने उभ्या जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं, शाळेत प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायची, ती ताई बेसूर, मोठ्याने, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. श्वास घ्यायला थांबायची तेवढीच उसंत.

'ऐका, ऐका!' भाऊजी कौतुकाने म्हणाले. 'अशी गाते हो रोज. दारं गेली आणि बाईसाहेबांना कंठ फुटला!'

'पुढचं दार नाही काढलंत ते?' बाईंनी विचारलं. 'मामाने तर पहिल्यांदा तेच काढलं.'

'अहो, चोऱ्या किती होतात!' भाऊजी म्हणाले. अविश्वास त्यांनी बाहेरच्यांसाठी राखून ठेवला होता.

खिडकीशी त्यांचं लिहायचं टेबल होतं. टेबल कसलं, दोन ट्रंका आणि त्यांवर आडवं टाकलेलं न्हाणीघराचं दार. कडीही तशीच होती. भाऊजी तिच्यात पेन खोचून ठेवायचे. त्यांनी गठ्ठा सोडला, शेरे वाचायला लागले, आणि वाईट वाटून घ्यायचं सोडून प्रत्येक शेऱ्याला 'वा, वा' करायला लागले. ज्याला स्वतःचं सगळंच आवडतं, त्याला शिव्यासुद्धा दाद वाटतात.

तेवढ्यात ताई बाहेर आली. ओले केस, अंगावर घाईघाईने गुंडाळलेली साडी. बहिणीला बघून तिचा चेहरा खुलला आणि लगेच पडला, कारण बहिणीने चादर बघितली होती हे तिला कळलं.

'अगं ए पोपटीण, इकडे ये!' भाऊजी ओरडले. 'तुझ्या बहिणीने काय लिहिलंय ऐक. हे आठवडाभरसुद्धा सहन करणारी बाई जगात नाही. पात्र खोटं आहे!' आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, 'घ्या! तू जगातच नाहीस म्हणे!'

ताई हसली. म्हणाली, 'तुम्ही म्हणजे ना!'

बाईंनी ते चारशे पानांत नाही नाही तितक्या वेळा वाचलं होतं. पण ऐकलं पहिल्यांदा. त्यात लाड नव्हता, माया नव्हती, रागसुद्धा नव्हता. दिवसभर मुलं सांभाळून दमलेली बाई 'हो रे बाबा' म्हणते ना, तसं होतं ते. ताईने ते म्हटलं आणि केस पिळत स्वयंपाकघरात गेली.

बाई मागोमाग गेल्या. लाजेने त्यांचे कान गरम झाले होते. 'ताई, मला काय माहीत! मला वाटलं, यांनी मनचं रचलंय.'

'मनचं कसलं रचतात!' ताई हळू आवाजात म्हणाली. हळू बोलावंच लागत होतं, दार कुठे होतं? 'आधी करतात, मग लिहितात. काही वेळा लिहून झाल्यावर करतात. उन्हाळ्यापासून चाललंय. चष्मासुद्धा दिला गं माझा. नवीन आणला मग मी.'

'आणि तू गप्प बसलीस?'

'बोलले ना. दार परत बसवा म्हटलं. तर म्हणाले, पुस्तक पास होईपर्यंत वातावरण मोडायचं नाही. आणि पास झालं तर तुझे मालक फोटोवाले पाठवणार आहेत घरी, बिनदाराचं घर दाखवायला. म्हणजे मग दार कायमचंच गेलं.' ताईने पातेलं ओट्यावर ठेवलं. 'छोटे, एक सांगू? मला वाटायचं, मी समजूतदार आहे. सगळ्या बायका असंच काहीतरी सोसत असतील, माझ्या वाट्याला हे आलं. आज कळलं, तुला तर मी खरीसुद्धा वाटले नाही.'

इतरांच्या लिखाणातली खोट काढून काढून त्यांना अशी सवय झाली होती की सख्खी बहीण कागदावर भेटली तर तिच्यावरही त्यांनी काट मारली होती.

'तू शनिवारी वाईट वाच,' ताई म्हणाली. 'अडखळ, खोक, काहीही कर. चहानंतर कोणी आलं नाही, की पुस्तक पडलं. पुस्तक पडलं, की दार मिळालं. मला दुसरं काही नको.'

बाई म्हणाल्या, 'वाईट नाही वाचता येणार मला, ताई. ते माझ्याच्याने होणार नाही.'

ताईने मान हलवली. रागावली नाही. 'बरं,' म्हणाली. 'मग मी बघते.' काय बघते ते तिने सांगितलं नाही आणि बाईंची विचारायची छाती झाली नाही.

शनिवारी गोदामात सगळ्या खुर्च्या भरल्या. भाऊजी पहिल्या रांगेत, स्वेटर घालून घामाने निथळत, मोजे दिसतील असे पाय लांब करून बसले होते. लेखकाने यावं अशी पद्धत नव्हती, पण मालकांनी लाड केला. ताई आली नव्हती. 'डोकं दुखतंय म्हणाली,' भाऊजींनी सांगितलं.

बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि खरोखर जीव ओतून वाचलं. नळाला नमस्कार असा केला की मागे पॅकिंगवाले खुदकन हसले. साखर, मुंग्या, स्वेटर, सगळ्याला त्यांनी पुरेपूर न्याय दिला. भाऊजी डोळे मिटून डोलायला लागले. आणि मग पहिल्या प्रकरणाचा शेवट आला. 'बायको हसून म्हणाली,' बाईंनी वाचलं, आणि थांबल्या. कानात ताईचा आवाज होता. त्या आवाजात, अगदी त्याच आवाजात, त्या म्हणाल्या, 'तुम्ही म्हणजे ना.'

एक शब्द बदलला नव्हता. लेखकानेच लिहिलेलं होतं.

पॅकिंगवाले पुन्हा हसले, पण जरा उशिरा. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी कोणीच हसलं नाही. तिसऱ्यात चष्मा गेला तेव्हा टेलिफोनवालीने स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घट्ट बसवला. आता भिंगरीमामा नवीन काहीतरी गोड करायला निघाला, की लोक खुर्चीत चुळबुळ करायचे आणि 'आता हिचं काय' अशा नजरेने बाईंकडे बघायचे. मामाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. तो बिचारा उड्या मारत होता, मान तिरकी करत होता, मुंग्यांना प्रवासाला पाठवत होता. रिकाम्या घरात लागलेल्या रेडिओसारखं चाललं होतं त्याचं. न्हाणीघराचं प्रकरण आलं. बादली, गाणं. बाईंनी गाणं म्हटलं नाही, नुसती ती ओळ वाचली. बायंडर पुटपुटला, 'काय माणूस आहे का कोण!'

भाऊजींनी डोळे उघडले. 'छान चाललंय,' ते मालकांच्या कानात म्हणाले. 'अगदी पिनड्रॉप शांतता!'

चहा झाला. भाऊजींनी आनंदाच्या भरात तीन कप रिचवले. चहानंतर काय व्हावं? एकूण एक माणूस परत आला. ड्रायव्हर, ज्याला कोणत्याही पुस्तकाच्या चहानंतर कोणी पाहिला नव्हता, तोही येऊन गठ्ठ्यावर बसला. भाऊजींची छाती फुगली. बाईंनी मात्र भरलेल्या खुर्च्या मोजल्या. खुर्च्या भरल्या म्हणजे पुस्तक पास. त्यांनी इतकं छान वाचलं, आणि ताईचं दार घालवलं!

'बाई, पुढचं वाचायच्या आधी एक सांगा,' टेलिफोनवाली म्हणाली. 'ती त्याला सोडून कधी जाते? आम्ही तेवढ्यासाठी थांबलोय. मला माझी बस चुकवायची नाही.'

'सोडून?' भाऊजी गर्रकन वळले. 'अहो, तिचं प्रेम आहे त्याच्यावर! तिला ते सगळं गोड वाटतं!'

मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि सगळं गोदाम हसायला लागलं. सबंध दुपारभरात एवढं मोठं हसू आलं नव्हतं, आणि ते भिंगरीमामाला नव्हतं. भाऊजींनी मान तिरकी करून बघितली. कोणी विरघळलं नाही. सवयीने ते विचारायलाही गेले, 'रागाला वास...' पण ड्रायव्हर म्हणाला, 'साहेब, ते झालं एकदा.'

मालक उठले. त्यांना अवघड झालं होतं. 'नियमाने पुस्तक पास आहे,' ते म्हणाले. 'पण ही मंडळी ज्यासाठी परत आली, ते पुस्तकात नाहीये. ती बाई घर सोडून जाते ते प्रकरण लिहा. मग छापू. फोटोबिटो राहू द्या सध्या.'

घरी जाताना टॅक्सीत भाऊजी धुमसत होते. बाई गठ्ठा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. ताईला भेटल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. 'अडाणी आहेत लोक,' भाऊजी म्हणाले. 'निरागसता कळत नाही. म्हणे सोडून जाते! माझं पात्र मला माहीत आहे. ती जाणार नाही, मुळीच जाणार नाही.' मग मांडी आवळून घेत म्हणाले, 'जरा जोरात घे रे बाबा, चहा फार झाला.'

घरी पोचले. भाऊजींनी किल्लीने भक्कम दार उघडलं आणि बूट भिरकावून थेट पॅसेजमध्ये धावले. बाईंनी बैठकीत पाऊल टाकलं, तर खिडकीशी टेबल नव्हतं. दोन ट्रंका होत्या, आणि त्यांवर भाऊजींचे कागद, दौत, पेन, सगळं नीट रचून ठेवलेलं. जमिनीवर लाकडाचा भुसा पडला होता. भुशात एक वाकडा स्क्रू.

पॅसेजच्या टोकाला दार होतं. बिजागऱ्या नव्या, चकचकीत. कडी आतून लावलेली. चादर घडी करून बादलीत ठेवली होती.

'अगं ए टिकटिक!' भाऊजी ओरडले. 'हे काय?'

आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. गाणं नव्हतं.

'गुलाबदाणी! ऐकतेस का?'

तांब्या भरला. तांब्या ओतला.

भाऊजींनी दारावर टकटक केली. दार म्हणजे अविश्वास म्हणणारा माणूस आपल्याच घरात बोटं वाकवून टकटक करत होता, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर, लाल मोज्यावरून हिरव्या मोज्यावर, नाचत होता. शेवटी, कितीतरी महिन्यांनी, त्यांनी बायकोला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

'काय हो?' आतून ताई म्हणाली.

'अगं, लवकर उघड! मला जायचंय!'

'वेळ लागेल. आज डोक्यावरून नाहतेय.'

'अगं, पण मी आता करू काय?'

आत पाणी थांबलं. आणि मग ताई हसली. पोट धरून, खळखळून, लहानपणी हसायची तशी. हसता हसता तिला ठसका लागला, आणि तो आवरून ती म्हणाली, 'तुम्ही म्हणजे ना!'

बाई ट्रंकेवर बसल्या. गठ्ठा सोडून त्यांनी न्हाणीघराचं प्रकरण काढलं, पर्समधून रबर काढला आणि दोन रेघांसकट आपला शेरा खोडायला लागल्या. पेन्सिल फार दाबून लिहिलं होतं, त्यामुळे जरा वेळ लागला.